गाऱ्हाणं देवापुढेच मांडा

घरात मृत्यू झाला किंवा मोठं आजारपण शिरलं, की भेटायला येणाऱ्यांच्या तोंडून दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "देवाची इच्छा," हे पहिलं. "प्रभूला तो जास्त प्रिय होता, म्हणून लवकर नेला," हे दुसरं. बोलणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसतं. गप्प बसवत नाही, म्हणून तो बोलतो. पण जिचं तरणंताठं पोर गेलं त्या आईला त्यातून एवढंच ऐकू येतं, की ज्याच्यापुढे मी रोज गुडघे टेकले त्यानंच माझं लेकरू ओढून नेलं. अशी कितीतरी माणसं हळूहळू चर्चला येईनाशी होतात आणि मंडळीत कुजबुज सुरू होते, की त्यांचा विश्वास डळमळला. पुष्कळदा विश्वास होता तिथंच असतो. रडायला जागा मिळालेली नसते.

म्हणून ज्यांच्यावर आज दुःख कोसळलं आहे त्यांना आणि त्यांच्या आसपास वावरणाऱ्यांना पहिली गोष्ट सांगायची ती ही: ख्रिस्ती सांत्वनाची सुरुवात गाऱ्हाण्यानं होते. जे बोलायचं आहे ते देवाला बोला. रागावला असाल तर रागानं बोला. त्याला ते सोसतं.

"हे माझ्याच वाट्याला का?" हा प्रश्न येणारच. तो दाबू नका. मात्र त्याचं जे उत्तर पहिल्यांदा कानावर येईल ते घाईघाईनं मानूही नका. दुःखात बुडालेल्या ईयोबाचे तीन मित्र त्याला भेटायला आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक अक्षर बोलले नाहीत. तोवर ते खरे मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडलं आणि तुझ्या हातून काहीतरी पाप घडलं असणार, हे त्याला पटवण्यात पानंच्या पानं घालवली. शेवटी देवाचा कोप झाला तो या देवभक्त मित्रांवर. ज्यानं देवालाच जाब विचारला होता, त्या ईयोबाचं बोलणं योग्य ठरलं. येशूपुढेही हाच प्रश्न आला. जन्मापासून आंधळ्या असलेल्या माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूनं दोन्ही नाकारलं. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं दगावली होती. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती, हेही त्यानं मानलं नाही. तेव्हा उद्या कोणी घरी येऊन "तुमच्या घराण्यावर शाप आहे, तो तोडायला खास प्रार्थना करावी लागेल" असं सांगू लागलं, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. शुभवर्तमानात याला आधार नाही.

आता गाऱ्हाणं मांडायचं कसं? दुःखात शब्द सुचत नाहीत. त्यासाठीच स्तोत्रसंहिता आहे. तिच्या १५० स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं पन्नासच्या आसपास तरी भरतात, आणि आपण मात्र अंत्यविधीला तेविसावं नाहीतर एकशे एकविसावं काढतो. ती सुंदरच आहेत. पण पहिल्या काही आठवड्यांत हिरव्या कुरणांची भाषा घशाखाली उतरत नाही, असं शोकात असलेली माणसं सांगतात, आणि ते मला पटतं. तेव्हा तेराव्यापासून सुरुवात करा. अवघ्या सहा ओव्यांचं ते स्तोत्र आहे, आणि देवा, आणखी किती दिवस, हा सवाल त्यात चार वेळा येतो. झोपच लागत नसेल तर सहावं वाचा. त्यातला माणूस रात्रभर रडून अंथरूण भिजवतो. आणि काहीच आशा दिसत नसेल तर अठ्ठ्याऐंशीवं. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटाकडे वळण घेऊन स्तुतीपाशी पोचतात, हे तसं वळत नाही. ते अंधारातच संपतं. ज्यांनी पवित्र शास्त्र जुळवलं त्यांनी हे स्तोत्र वगळलं नाही, त्याला गोड शेवटही जोडला नाही. ज्याच्या मनात आज स्तुती नाही, त्याचीही प्रार्थना देवाच्या पुस्तकात जशीच्या तशी ठेवली आहे. मला स्वतःला याहून मोठा दिलासा क्वचितच दुसऱ्या कशात सापडला आहे.

वाचायची रीत साधी ठेवा. एकच स्तोत्र आठवडाभर घ्या. संध्याकाळी, कुटुंबप्रार्थनेच्या वेळी, मोठ्यानं वाचा, मनातल्या मनात नको. स्वतःचाच आवाज कानावर पडला की साचलेलं हलायला लागतं. स्तोत्रकर्ता जिथे शत्रूचं नाव काढतो तिथे तुम्ही तुमच्या आजाराचं, कर्जाचं, मोडलेल्या संसाराचं नाव घाला. वाचवत नसेल तर दुसऱ्या कोणाला वाचायला सांगा आणि तुम्ही फक्त 'आमेन' म्हणा. तेही जमत नसेल तर नुसते बसून राहा. त्या दिवसापुरती तुमची प्रार्थना घरचे करतील, मंडळी करेल. कॅथलिक घरांत ही सोय रोझरीनं पिढ्यान् पिढ्या केली आहे. मन बधिर झालेलं असलं तरी बोटं मण्यांवरून सरकत राहतात आणि शब्द आधीच ठरलेले असतात. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८पासून दर बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना चालते. तिथे ख्रिस्तीच नव्हे, सगळ्या धर्मांची माणसं येतात, आपली मागणी कागदावर लिहून देतात आणि सुटका झाली की आभाराची चिठ्ठीही देतात. वांद्र्याच्या मोत माउलीला लोक मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचं लहान मूल वाहतात. शिकलेल्या माणसांना हे कधीकधी भाबडं वाटतं. मला त्यात एक धीट गोष्ट दिसते. कुठे दुखतं ते त्या माणसानं देवापुढे नेमकं ठेवलेलं असतं.

लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. विलापगीत हे यरुशलेमच्या विध्वंसानंतरचं पुस्तक. त्यात पाच गीतं आहेत, आणि पहिल्या चार गीतांची बांधणी इब्री वर्णमालेच्या २२ अक्षरांवर झाली आहे. दर कडव्याची सुरुवात पुढच्या अक्षरानं. शहर जळून गेलंय, मुलं उपाशी मेली आहेत, आणि कवी एकेक अक्षर घेऊन दुःख क्रमानं मांडत जातो. हे तुम्हीही करून पाहा. वही घ्या आणि रोज एक अक्षर लिहा. 'अ' आला की त्या अक्षरावरून जे आठवेल ते: अंगाई, अस्थमा, अहवाल. दोन ओळी पुरेत. दुःखाला अंतपार नाही असं वाटत असतं तेव्हा आज एवढंच, बाकी उद्या, ही शिस्त माणसाला धरून ठेवते. अक्षरं संपली आणि मन अजून भरलेलंच असलं, तर पुन्हा 'अ'पासून.

शरीराकडे मात्र प्रार्थनेच्याही आधी पाहा. एलीया संदेष्टा इतका थकला होता, की झुडपाखाली पडून त्यानं मरण मागितलं. देवाच्या दूतानं त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवली आणि त्याला उठवून जेवायला सांगितलं. तो जेवला, परत झोपला. दूतानं पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातलं. मग कुठे होरेब डोंगराची वाट सुरू झाली आणि देवाशी बोलणं तर त्याहूनही नंतर. शोकात उपास धरून, रात्र-रात्र जागून प्रार्थना करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की आधी वरणभात खा आणि झोपा.

आजारातून बरं होण्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे, कारण इथे माणसांचे जीव जातात. प्रार्थना जरूर करा. आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडिलांना बोलवा, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं याकोबाच्या पत्रात सांगितलंच आहे. पण प्रार्थना झाली म्हणून इन्सुलिन बंद करू नका. क्षयाच्या गोळ्या किमान सहा महिने घ्याव्या लागतात, त्या दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून सोडू नका. मिरगीच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. "गोळी घेतलीस म्हणजे विश्वास कमी" असं कोणी व्यासपीठावरून सांगत असेल, तर त्याचं ऐकू नका. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. आपल्या महाराष्ट्रात तर या विश्वासातूनच दवाखाने उभे राहिले. विल्यम वॉनलेस यांनी १८९४मध्ये मिरजेला रुग्णालय सुरू केलं. जामखेडला १९७०मध्ये काम सुरू करून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या, बऱ्याचदा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं आणि बाळंतपणात, अतिसारात जाणारे जीव वाचवले. त्यांना प्रार्थना आणि औषध यांत भांडण दिसलं नाही.

आणि प्रार्थना करूनही आजार गेला नाही तर? पौलाच्या शरीरात एक काटा होता. तो काढावा म्हणून त्यानं तीनदा विनवणी केली. काटा राहिला. गेथशेमाने बागेत येशूनं स्वतः दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. तो टळला नाही. या दोघांचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कोणाची छाती आहे? मग कॅन्सरच्या चौथ्या टप्प्यात असलेल्या माणसाला तसं सुचवणं हा अन्याय आहे. अशा वेळी मागणं थोडं बदलून बघा. वेदना सोसेल एवढी राहू दे. राहिलेल्या दिवसांत अमुक माणसाशी अबोला मिटू दे. रात्री कोणीतरी जवळ असू दे. अशी लहान मागणी ऐकली गेल्याचं मी मंडळीत अनेकदा पाहिलं आहे, कारण ती ऐकणाऱ्यांत शेजारीपाजारीही असतात.

कॅथलिक वाचकांसाठी एक खास गोष्ट. आजाऱ्याला तेल लावून करायच्या संस्काराची पुष्कळ घरांत धास्ती असते. फादर पवित्र तेल घेऊन आले म्हणजे आता संपलंच, असं समजून नातलग त्यांना अगदी शेवटच्या घटकेपर्यंत बोलवत नाहीत, आणि तोवर आजाऱ्याची शुद्ध हरपलेली असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं हा गैरसमज दूर केला आणि १९७२मध्ये संस्काराचा विधीही त्याप्रमाणे सुधारून आला. मोठ्या ऑपरेशनआधी, गंभीर आजारात, वार्धक्यानं खंगलेल्या माणसाला हा संस्कार देता येतो, आणि आजार वाढला तर पुन्हाही देता येतो. आजारी माणूस शुद्धीत असताना, घरचे सगळे भोवती उभे असताना फादरना बोलवा. कपाळावर आणि तळहातांवर तेलाचा स्पर्श त्याला कळू द्या.

भेटायला जाणाऱ्यांनी योहानाच्या शुभवर्तमानातला अकरावा अध्याय नीट वाचावा. बेथानी गावात लाजर मरण पावला होता. येशू पोचला तेव्हा कबरीत ठेवून चार दिवस झाले होते. लाजराची बहीण मार्था वाटेतच येशूला गाठते आणि म्हणते, की तू इथे असतास तर माझा भाऊ गेला नसता. थोड्या वेळानं दुसरी बहीण मरीया येते आणि तीही नेमकं तेच म्हणते. तक्रार एकच, पण येशू दोघींशी वेगळा वागतो. मार्थाशी तो बोलतो, पुनरुत्थानाविषयी बोलतो, कारण तिला बोलायचं आहे, प्रश्न विचारायचे आहेत. मरीया पायांशी कोसळते. तिच्याशी तो काही बोलत नाही, तिच्यासोबत रडतो. लाजराला आपण उठवणार आहोत हे ठाऊक असूनही रडतो. "उशीर का केलास" या बोलण्याबद्दल दोघींपैकी एकीलाही तो रागवत नाही. एकाच घरात मार्थाही असते आणि मरीयाही. कर्त्या मुलाला हॉस्पिटलचे कागद, विमा, मृत्यूचा दाखला याबद्दल बोलायचं असतं, आणि आतल्या खोलीत त्याची आई भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. बाहेरच्या खोलीत जे बोललात ते आत जाऊन बोलू नका.

आमच्या मंडळीत एक वयस्कर मावशी आहेत. स्वतः तरुणपणी विधवा झालेल्या. कोणाकडेही दुःख झालं की त्या जातात, 'जय ख्रिस्त' म्हणतात आणि सरळ स्वयंपाकघरात शिरतात. एकदा मी त्यांना पाहिलं. कोपऱ्यात पाट घेऊन मेथीची जुडी सोडली आणि पानं खुडायला लागल्या. घरातली सून, जिचा नवरा तीन दिवसांपूर्वी गेला होता, येऊन शेजारी बसली. मावशींनी मान वर केली नाही. फक्त अर्धी जुडी तिच्याकडे सरकवली. दोघी निवडत राहिल्या. बऱ्याच वेळानं सून बोलायला लागली, कसा ताप आला, कसा दवाखाना बदलला, कोणत्या वळणावर रिक्षा बंद पडली. मावशी मधूनमधून फक्त "हं" म्हणत होत्या. बाहेरच्या खोलीत तोवर आम्ही चार गाणी म्हटली होती आणि दोन प्रार्थना केल्या होत्या. त्या सुनेच्या कामी मावशी जास्त आल्या, यात मला शंका नाही.

काही दुःखांत अपराधाची बोच असते. "वेळेवर नेलं असतं तर", "त्या दिवशी मी त्याच्यावर ओरडले होते." ही बोच कोणी "तसं काही नाही" म्हणून झटकली की आणखी खोल जाते. पाळकांना किंवा फादरना एकटं गाठून ते मोठ्यानं बोला. कॅथलिक पापनिवेदनात सांगितलेली गोष्ट फादर कधीही, कोणापुढेही उघड करू शकत नाहीत. पाळकांनाही आधी सांगता येतं, की हे आपल्या दोघांतच राहू द्या. बोलताना तुमचं तुम्हालाच दिसू लागतं, की खरी चूक किती होती आणि नंतर कळलेल्या गोष्टींचं ओझं आपण आधीच्या दिवसांवर किती टाकलं.

घरातल्या कोणी आत्महत्या केली असेल, तर ही बोच असह्य असते, आणि त्यावर लोकांच्या नजरा. एक काळ होता, की अशा माणसाला ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाई. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या कायद्यात ही बंदी राहिली नाही, आणि अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये, असंच आज चर्च शिकवतं. म्हणून विधी मागायला संकोचू नका, नाव लपवू नका, वर्षाची मिस्सा किंवा स्मरणाची उपासना नक्की ठेवा. आणि शोकात तुमच्याच मनात जीव द्यायचा विचार येत असेल, तर तो आजच कोणाला तरी सांगा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. फोन लावणं हे प्रार्थनेच्या विरुद्ध नाही.

दुःखाचा 'उपयोग' करून घ्यायची घाई इतरांना फार असते. "देव यातून तुझ्या हातून मोठं काम करून घेईल." असेलही. पण पंडिता रमाबाईंचं आयुष्य वर्षांनिशी पाहा. १८७४च्या सुमाराला दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. १८८०मध्ये भाऊ गेला. १८८२मध्ये लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तोच कॉलऱ्यानं नवरा गेला, आणि पदरात तान्ही मनोरमा. बाप्तिस्मा १८८३चा. मध्य प्रांतातल्या दुष्काळातून शेकडो मुलींना त्यांनी केडगावला आणलं ते १८९६-९७च्या सुमाराला. उपाशी मुलीच्या डोळ्यांत काय असतं ते त्यांना स्वतःच्या भुकेतून ठाऊक होतं, पण आईच्या मृत्यूपासून त्या कामापर्यंत वीस वर्षांहून अधिक काळ गेला. १९२१मध्ये मनोरमाही गेली, आणि पुढच्याच वर्षी रमाबाई. त्या अखेरच्या काळातही त्या मूळ इब्री आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर पुरं करत होत्या. तुमच्या दुःखाला सहा महिने झाले असतील आणि त्यातून काहीही 'चांगलं' निघालेलं नसेल, तर त्यात काही चुकलेलं नाही.

शेवटी सणांबद्दल, कारण वर्षभर सावरलेली माणसं नाताळात कोसळतात. पहिला नाताळ कसा करायचा हे नोव्हेंबरातच ठरवा. २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी कबरस्तानात फुलं, मेणबत्त्या घेऊन जाता तेव्हाच घरचे सगळे एकत्र असतात, त्याच दिवशी बोलून घ्या. चांदणी लावायची की नाही? लहान मुलं असतील तर लावा, त्यांना ते हवं असतं. फराळ नेहमीएवढा करायची गरज नाही. मंडळीतल्या एकदोन घरांना आधीच सांगा, की यंदा करंज्या तुम्ही द्या. चर्चमध्ये दाराजवळ बसा. एखादं गाणं सहन झालं नाही तर उठून बाहेर जा आणि बरं वाटलं की परत या, कोणाला काही सांगायला लागत नाही. कॅरोल गाणारी पोरं दारावर येतील त्यांना नाही म्हणू नका, फक्त म्होरक्याला आधी निरोप द्या, की आमच्याकडे ढोलकी नको, एकच संथ गाणं म्हणा. आणि जे त्या घरी जेवायला बसतील त्यांनी गेलेल्या माणसाचं नाव टाळू नये. त्याला कोणती करंजी आवडायची, सारणात त्याला खसखस चालायची की नाही, हे खुशाल विचारावं.